सोनघळच्या पुलाचं विस्मरण

"पुसायचं म्हणजे पुसायचं, मॅडम. झाकून ठेवायचं न्हाई," रेणुका धोत्रे म्हणाली आणि समोरच्या खुर्चीत बसली. तिची मुलगी तेजल उभीच राहिली.

शलाका जगदाळेला या वाक्याचं कौतुक वाटलं. ती 'वास्तुस्मृती'च्या कोल्हापूर कार्यालयात विस्मरण विभागाची प्रमुख होती, आणि पुसणं आणि झाकणं यातला फरक तिला रोज कुणाला ना कुणाला समजावून सांगावा लागायचा. ही बाई तो फरक घरूनच घेऊन आली होती.

राज्यातल्या बहुतेक मोठ्या बांधकामांच्या नोंदी वास्तुस्मृती या प्रणालीत राहत. नकाशे, मालाच्या चाचण्या, रोजचे फोटो, कुणी कुठे किती वेळ काम केलं, सगळं. पूर्वी फायली गोदामात कुजायच्या, तेव्हा निदान त्या विसरल्या तरी जायच्या. वास्तुस्मृती काहीच विसरत नव्हती. मजुराच्या हातमोज्यातल्या संवेदकांनी टिपलेली त्याच्या बोटांची हालचाल, नाडी, थकवा हे सारं प्रकल्प संपल्यावरही तसंच राही आणि विमा कंपन्यांपासून ठेकेदारांपर्यंत सगळे ते वाचत. मग कामगार संघटनांनी मोठा लढा दिला आणि कायदा झाला. कामगाराच्या शरीराची नोंद कामगाराची. त्याने मागणी केली की ठरलेल्या मुदतीत ती कायमची पुसायची, आणि पुसल्याचा पुरावा द्यायचा.

"अर्ज आधी केला होता का?" शलाकाने विचारलं.

"तीनदा," तेजल म्हणाली. "दर वेळी 'प्रलंबित'. का प्रलंबित, ते कुणी सांगत नाही."

तेजल टॉवर क्रेन चालवण्याच्या प्रशिक्षणासाठी जवळजवळ निवडली गेली होती. लेखी परीक्षा, डोळ्यांची तपासणी, सगळ्यात ती पुढे होती. शेवटच्या टप्प्यावर विम्याच्या यंत्रणेने तिला नाकारलं. कारण एका ओळीचं होतं: आईच्या हाताला कंप, आनुवंशिक असण्याची शक्यता.

रेणुकाने दोन्ही हात टेबलावर ठेवले. उजव्या हाताची बोटं बारीक थरथरत होती. "काँक्रीट बसवायचा व्हायब्रेटर धरून धरून झालंय हे. डॉक्टरनं लिवून दिलंय. पण त्या मशीनला डॉक्टरचं कळत न्हाई, माझी जुनी नोंद कळती. माझ्या हातापायी पोरीचं वर चढणं थांबलं, मॅडम."

शलाकाने नोंद उघडली. रेणुका धोत्रे, सोनघळ पूल, खांब चार. पुसण्याची आज्ञा देण्याआधी तिने नेहमीसारखी एक कोरडी चाचणी लावली, प्रत्यक्ष न पुसता काय होईल ते दाखवणारी. पडद्यावर लाल पट्टी आली: या नोंदीवर सोनघळ पुलाचं पोषण-नियंत्रण अवलंबून आहे.

आता तिला 'प्रलंबित'चा अर्थ कळला. आणि सोनघळ पुलाची देखभाल कुणाकडे आहे, हे तर तिला कुणी सांगायची गरजच नव्हती. कार्यकारी अभियंता रणजित जगदाळे सकाळी तिच्याच घरून डबा घेऊन निघाला होता.

"मुदतीच्या आत पुसेन," ती रेणुकाला म्हणाली. "कसं, ते मला बघावं लागेल. पण पुसेन."

सोनघळचा पूल सजीव काँक्रीटचा होता. त्याच्या पोटात अब्जावधी जिवाणू झोपलेले असत. भेग पडली, पाणी आत शिरलं की ते जागे होत, जवळचं अन्न खात आणि चुनखडी बाहेर टाकत. चुनखडीने भेग बुजे आणि जिवाणू पुन्हा झोपत. अडचण एकच होती, जवळचं अन्न कधीतरी संपायचं. म्हणून सोनघळच्या खांबांमधून केसासारख्या नळ्या खेळवल्या होत्या, शिरांसारख्या, आणि त्यातून अन्नाचं द्रावण जाई. ते किती द्यायचं हे नियंत्रक संगणक ठरवत असे. कमी दिलं तर भेग उघडी राही. जास्त दिलं तर जिथे गरज नाही तिथेही चुनखडी साचे, आणि चांगलं काँक्रीट आतून पाचर मारल्यासारखं फाटे.

किती द्यायचं हे ठरतं काँक्रीट किती घट्ट बसलंय त्यावरून. ते घट्ट बसतं ओतल्या दिवशीच, व्हायब्रेटर धरणाऱ्या हाताखाली. म्हणून त्या हाताच्या मोज्याची नोंद हीच खांबाची जन्मपत्रिका मानली गेली. खांब चारची पत्रिका म्हणजे रेणुकाचा उजवा हात होता. तिचा हात पुसला की खांब चारबद्दल नियंत्रकाला काहीच माहीत राहणार नव्हतं.

शलाकाने आधी सोपा मार्ग करून पाहिला. हात काढून टाकायचा आणि त्यावरून काढलेला घट्टपणाचा नकाशा तेवढा ठेवायचा. तिने तो नकाशा बाजारात कुणालाही मिळणाऱ्या एका एआय प्रारूपाला दिला आणि विचारलं, हे काम कुठल्या हाताने केलं असेल? प्रारूपाने तिच्यासमोर थरथरीची रेषा काढून दाखवली. रेणुकाच्या रेषेवर ठेवली तर तंतोतंत बसत होती. नकाशा ठेवणं म्हणजे हात झाकून ठेवणं होतं. तो मार्ग तिने तिथेच सोडला.

संध्याकाळी रणजित आला तेव्हा ती कांदा चिरत होती. तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि भात लावायला घेतला, तो विचारात असला की असंच काहीतरी हाताने करत राहायचा.

"पुसू नकोस," तो म्हणाला.

"कायदा आहे, रणजित."

"मग पुसलं म्हणून सांग. प्रमाणपत्र दे. आमच्या सर्व्हरवर एक प्रत राहू दे, बाहेरून कुणालाही न दिसणारी. त्या बाईचं काम होईल, माझा पूल राहील. कुणाचं काय बिघडलं?"

"उद्या तुझ्या जागी दुसरा येईल. तो ती प्रत विकेल, नाहीतर चुकून जोडेल कशाला तरी. हे सगळं असंच तर सुरू झालं होतं."

"शलाका, त्या पुलापलीकडे गावं आहेत. जलाशयाला वळसा घालून यायचं तर अर्धा दिवस जातो. बाळंतीण आणायची तरी तो पूल. त्याचा एक खांब मी आंधळेपणाने चालवू?"

"आंधळा कशाला? त्याला तपास ना. शिरांमधून दाबाचे ठोके सोडायचे, संवेदकांनी ऐकायचे. डॉक्टर सोनोग्राफी करतात तसं. घट्ट काँक्रीटमधून आवाज लवकर येतो, पोकळ असेल तर उशिरा. आतलं चित्र मिळेल. हे तूच मला शिकवलंयस."

"शिकवलंय, आणि का करत नाही तेही सांगितलंय. ठोका इतका बारीक असतो की वरून एक टेम्पो गेला तरी बुडून जातो. पुन्हा पुन्हा सोडावा लागतो. पूल काही दिवस बंद ठेवावा लागेल, पूर्ण बंद." त्याने कुकरचं झाकण लावलं. "हा पूल कधी बंद करावा लागणार नाही, असं मी सही करून दिलंय. सजीव काँक्रीट घेतलं ते त्याचसाठी."

"मग सही चुकली."

जेवताना दोघांनी टीव्हीवरच्या बातम्या पाहिल्या, आणि ताटं उचलताना त्यांचे हात एकमेकांना लागले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शलाकाने कार्यालयाच्या कागदावर रीतसर सूचना काढली: अमुक तारखेला खांब चारची संबंधित नोंद कायमची पुसली जाईल, पुलाच्या चालकांनी त्याआधी पर्यायी व्यवस्था करावी. मुदतीचा शेवटचा दिवस तिने तारीख म्हणून टाकला. खाली सही केली आणि ती रणजितच्या कार्यालयाला पाठवली.

दुपारी त्याचा फोन आला. तो ओरडत नव्हता, त्यामुळे जास्त वाईट वाटत होतं.

"हे बायको म्हणून पाठवलंस की अधिकारी म्हणून?"

"अधिकारी म्हणून. बायको म्हणून विचारायचं तर एकच विचारते. बंद ठेवण्याची भीती वाटते तुला, की आत काय दिसेल याची?"

फोनवर वाऱ्याचा आवाज येत होता. तो पुलावरच उभा होता.

"इकडे ये," तो म्हणाला. "बघायलाच ये."

सोनघळला पोचायला तिला दुपार उलटली. डोंगरांच्या मधोमध जलाशयाचं हिरवट पाणी आणि त्यावर उंच पूल. रणजित तिला तपासणीच्या जिन्याने खांब चारच्या पायथ्याशी घेऊन गेला. पाण्याच्या पातळीच्या थोडं वर, काँक्रीटवर एक बारीक रेघ होती. नीट पाहिल्याशिवाय दिसली नसती.

"दोन वर्षं आहे," तो म्हणाला. "मोज्याची नोंद म्हणते, या भागात काँक्रीट पोकळसर बसलंय, भरपूर अन्न द्या. नियंत्रक देतोय. भेग बुजायला हवी होती, ती वाढतेय. मी वर कळवलं. उत्तर आलं, नोंद स्पष्ट आहे, पोषण वाढवा. मी वाढवलं."

"मला का नाही बोललास?"

"काय बोलणार? मी अभियंता आहे आणि मला माझ्या खांबाच्या पोटात काय चाललंय ते माहीत नाही, असं?" त्याने रेघेवरून अंगठा फिरवला. "नोंद खरी आणि भेग खोटी असं धरून चालत होतो. रोज पुलावरून एसटी गेली की मोजत बसायचो, गेली एकदाची."

शलाकाने त्याच्या दंडावर हात ठेवला. तिला त्याची दया आली नाही. तो एकटा किती दिवस हे वाहत होता याचा राग आला, आणि त्या रागातच माया होती.

"बंद कर पूल," ती म्हणाली. "नोंद गेली काय नि राहिली काय, तुला हे ऐकायलाच हवं."

त्याने मान हलवली. मग तो कामाला लागला, आणि कामाला लागलेला रणजित शलाकाला ओळखीचा होता. पूल होण्याआधी जलाशयात लाँच चालायच्या. त्यातल्या एकीचा मालक अजून मासेमारी करत होता, त्याला त्याने शोधून काढलं. आरोग्य केंद्राची बोट पलीकडच्या धक्क्याला चोवीस तास उभी करवली. गावांच्या सरपंचांना एकत्र बसवून त्याने सरळ सांगितलं, पुलाच्या एका खांबाची मला खात्री नाही, खात्री करून घेतो आणि मग उघडतो. लोक चिडले. एकाने विचारलं, "मग इतके दिवस आम्ही कशावरून जात होतो?" रणजितने उत्तर दिलं, "माझ्या अंदाजावरून." त्यानंतर आवाज खाली आले. कुणाला ते उत्तर आवडलं नव्हतं, पण खोटं वाटलं नव्हतं.

पूल बंद झाला. दरीत इतकी शांतता झाली की पाण्यावरून उडणाऱ्या बगळ्यांच्या पंखांचा आवाज वर ऐकू यायचा. शिरांमधून ठोके जाऊ लागले. संवेदक ऐकत राहिले, संगणक हजारो ठोके एकावर एक ठेवून त्यातला गोंगाट गाळत राहिला, आणि पडद्यावर खांब चारचं पोट हळूहळू उमटत गेलं. घट्ट भाग गडद, पोकळ भाग फिका.

चित्र पूर्ण झालं तेव्हा शलाका आणि रणजित दोघंही पुलावरच्या नियंत्रण खोलीत होते. रणजितने आधी पायथा पाहिला. मग म्हणाला, "गडद आहे."

"म्हणजे?"

"सगळा पायथा गडद आहे. पोकळसर कुठेच नाही. बाईंनी काँक्रीट दगडासारखं बसवलंय." तो उठून पडद्याजवळ गेला. रेघ होती तिथे खांबाच्या आत एक वेगळीच छटा होती, ताज्या चुनखडीची. "आपण फाडतोय त्याला. भुकेला नसलेल्या खांबाला कोंबून कोंबून खायला घातलंय."

चूक कुठे झाली, ते शोधायला फार वेळ लागला नाही. मोजा बनवणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं की निरोगी हात स्थिर असतो. हात डगमगला म्हणजे व्हायब्रेटर नीट धरलेला नाही, म्हणजे काँक्रीट नीट बसलेलं नाही. याच कामावर रेणुकाच्या हाताला कंप सुरू झाला होता. हात थरथरत होता, पण व्हायब्रेटर जिथे हवा तिथे, हवा तितका वेळ होता. मोज्याने थरथर पाहिली आणि काम वाईट ठरवलं. त्याच नोंदीने पुढे खांबाला चुकीचं अन्न दिलं आणि तेजलला क्रेनवर चढूच दिलं नाही.

रणजितने पायथ्याचं पोषण तिथल्या तिथे बंद केलं. पुढच्या दिवसांत रेघ वाढायची थांबली. मग त्यांनी उरलेले सगळे खांब ऐकून घेतले आणि नियंत्रकाला नवी माहिती दिली, जी कुणाच्या हाताची नव्हती, पुलाची होती.

पूल उघडला. पण आता मुंबईहून रणजितच्या वरिष्ठांचा निरोप आला. ही नोंद पुसू नका. ही चूक दुसऱ्या पुलांमध्येही असणार, अभ्यासाला ही नोंद सोन्यासारखी आहे. शलाकाच्याही वरिष्ठांनी दुजोरा दिला. मोठ्या हिताचा प्रश्न आहे, त्या बाई समजून घेतील.

शलाकाने रेणुकाला आणि तेजलला बोलावून घेतलं. तिने काहीही हातचं राखलं नाही. खांब कसा निघाला, चूक काय होती, आणि नोंद कुणाला कशासाठी हवी आहे, सगळं सांगितलं. रणजितही आला होता, तो दाराशी उभा होता.

"आणखी एक सांगायला हवं," शलाका म्हणाली. "प्रत्येक नोंदीला एक कुलूप असतं, आणि तिच्या प्रती कितीही ठिकाणी असल्या तरी किल्ली एकच. आमच्या प्रणालीशी दुसऱ्या प्रणाली ज्या दरवाजाने बोलतात, त्याला एपीआय म्हणतात. त्या दरवाजातून मी 'कायम' असं लिहून आज्ञा दिली की ती किल्ली नष्ट होते. मग सगळीकडच्या प्रती म्हणजे नुसता कचरा. मलाही परत आणता येत नाही, कुणालाच येत नाही. आणि त्या नोंदीत तुमचं नाव आहे. तुम्ही सोनघळला काम केलंत, खांब चार तुम्ही भरलात, हेही जाईल. तुमचं काम किती चांगलं होतं ते आज पहिल्यांदा कळलंय, आणि आजच ते पुसायचंय. विचार करा."

तेजलने आईकडे पाहिलं. "आई, राहू दे वाटलं तर. मी दुसरं काहीतरी शिकीन."

"तू गप." रेणुकाने थरथरता हात दुसऱ्या हाताखाली घेतला. मग ती दाराशी उभ्या रणजितकडे वळली. "साहेब, आता पुलाला माझी नोंद लागती का?"

"नाही लागत," रणजित म्हणाला. "पुलाला तुमचं काम लागतं. ते आहे."

"आन् त्या अभ्यासवाल्यांना शिकायचं असंल तर त्यांनी यावं की माझ्याकडं. व्हायब्रेटर धरून दाखवते. मोजा घालीन त्यांच्यासमोर, माझ्या मर्जीनं. काम झालं की काढून ठेवीन." ती शलाकाकडे वळली. "विचारून घेतलं तर मी न्हाई कुठं म्हणते? न विचारता घेतलेलं तेवढं पुसा."

शलाकाच्या पडद्यावर वरिष्ठांचा निरोप अजून उघडा होता. तिने तो मिटवला. आज्ञा लिहिली, नोंदीचा क्रमांक टाकला, आणि 'कायम'. प्रणालीने खात्री आहे का असं विचारलं. तिने होय म्हटलं. काहीही आवाज झाला नाही. तिने तीच नोंद पुन्हा मागवली. उत्तर आलं: अशी कोणतीही नोंद अस्तित्वात नाही.

रेणुकाने ते तेजलकडून वाचून घेतलं, आणि ती खुदकन हसली. "म्हंजे मी तिथं नव्हतेच की!"

वरिष्ठांनी शलाकाकडे खुलासा मागितला. तिने कायद्याचं कलम आणि रेणुकाचं निवेदन जोडून पाठवलं, आणि प्रकरण तिथेच मिटलं. इतर पुलांच्या कामगारांचे अर्ज येऊ लागले, आणि त्या पुलांनाही ऐकण्याचं काम रणजितच्या गळ्यात पडलं. तो कुरकुरत नव्हता. रोज रात्री जेवताना शलाकाला तो कुठल्या पुलाच्या पोटात काय दिसलं ते सांगायचा, चांगलं दिसलं तरी आणि वाईट दिसलं तरी.

तेजलचा फोन आला तो एका दुपारी, प्रशिक्षण केंद्रातून. मागे कुठेतरी यंत्रांचा धडधडाट होता आणि ती ओरडून बोलत होती.

"मॅडम, आज मुलाखत झाली! विमा मंजूर झालाय. मग त्यांनी विचारलं, घरात कुणी या क्षेत्रात आहे का. मी म्हटलं, आईनं सोनघळचा पूल बांधलाय, खांब चार. त्यांनी यंत्रात बघितलं, म्हणाले, अशी काही नोंद दिसत नाही."

"मग?"

"मी म्हटलं, नोंद नाहीच आहे सर, आम्ही पुसून घेतली. पूल आहे, जाऊन बघा."

"आणि ते काय म्हणाले?"

"काही नाही. हेल्मेट दिलं आणि म्हणाले, चढ. मॅडम, मी आता वरून बोलतेय."